गोळीला आडनाव नसतं

आरोग्य खात्यात असताना प्रशिक्षणाच्या बैठकीत माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: सरकारी गोळीला आडनाव नसतं. नवीन पोरं हसायची, जुने सहकारी एकमेकांकडे बघायचे, पण मी ते म्हटल्याशिवाय खाली बसायचो नाही. हिवतापाच्या रुग्णाला समूळ उपचार देण्याआधी त्याच्या रक्तातलं एक एन्झाइम तपासावं, म्हणजे शेवटी त्याचं एक जनुक कसं आहे ते बघावं, ही सूचना पहिल्यांदा कानावर आली तेव्हा मी ह्याच वाक्याच्या जोरावर विरोध केला. निवृत्तीनंतरही करत राहिलो. आता करत नाही. उलट ही चाचणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी म्हणून जमेल तिथं डोकं खातो.

माझा विरोध पैशांमुळे नव्हता, कामाच्या ओझ्यामुळेही नव्हता. त्याचं मूळ आमच्या गावांच्या रचनेत होतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे, वाड्या. कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, ब्राह्मणवाडी, खारवीवाडा, मोहल्ला. मध्ये वहाळ, नाहीतर उघडा सडा. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२० च्या डिसेंबरात घेतला खरा, पण लोकांच्या तोंडी बसलेली नावं ठरावानं जात नाहीत. मी आरोग्यसेवक म्हणून ह्या सगळ्या वाड्या पायाखाली घातल्या. भिंतीवरच्या स्टेन्सिलमध्ये तारीख घालायची, घरात कुणाला ताप येऊन गेला का विचारायचं, असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर एक जाड आणि एक पातळ असे दोन नमुने पसरायचे. काचपट्टी ‘पीव्ही’, म्हणजे व्हायवॅक्स हिवताप, म्हणून परत आली की त्याच घरी गोळ्या घेऊन जायचं. माझ्या आजोबांनी ज्या दारात पाणी घेतलं नसतं, त्या दारात मी तांब्याभर पाणी मागून घ्यायचो आणि रुग्णाला गोळी माझ्यासमोर गिळायला लावायचो. मोहल्ल्यात तीच गोळी, ब्राह्मणवाडीत तीच, मिरकरवाड्याच्या बंदरावर ट्रॉलरवरच्या नेपाळी खलाशाला तीच. नोकरीत मला अभिमान वाटावा असं फार काही नव्हतं, पण हे होतं.

आणि आता कुणीतरी येऊन म्हणतं, आधी ह्याच्या रक्तात काय आलंय ते बघा. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे ज्या जिल्ह्यात आहे, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून १९३१ साली पतितपावन मंदिर ज्या शहरात उभं राहिलं, तिथल्या माणसाला रक्तावरून उपचार ठरवायची भाषा ऐकून अंगावर काटा येणार नाही तर काय होईल?

गोष्ट कोणत्या गोळीची आहे ते आधी सांगतो. हिवतापाचे आपल्याकडे दोन मुख्य जंतू: फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स. व्हायवॅक्सची खोड अशी, की तो रक्तातून साफ झाला तरी त्याची काही रूपं यकृतात निपचित पडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप घेऊन येतात. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते. यकृतातले मारायला प्रायमाक्विन लागते. पूर्वी ती पाच दिवस द्यायचो, नंतर चौदा दिवसांचा क्रम आला. गर्भार बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायची नाही. आणि सूचनांत आणखी एक ओळ असायची: जी६पीडी ह्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना देऊ नये. ती कमतरता कुणाला आहे हे ओळखायचं साधन मात्र आमच्या पिशवीत नव्हतं. त्यामुळे रुग्णाला एवढंच सांगायचं, की लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, ओठ निळसर पडले, पोटात दुखून उलट्या झाल्या, तर गोळी तिथेच थांबव आणि दवाखाना गाठ.

जी६पीडी म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज. नाव लांबलचक, काम मोजकं. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, मायटोकॉन्ड्रिया नसतात. नवीन प्रथिनं बनवायची तिची सोय संपलेली असते, आणि तरी तिला सुमारे १२० दिवस ऑक्सिजन वाहायचा असतो. ऑक्सिजनच्या सततच्या संगतीत तिचं हिमोग्लोबिन आणि बाहेरचा पापुद्रा खराब होत असतो. ही झीज रोखणारं ग्लुटाथायोन पेशीत असतं, पण ते दर वेळी पुन्हा कामाच्या स्थितीत आणायला एनएडीपीएच नावाचं द्रव्य लागतं. इतर पेशींना ते मिळवायचे दोन-तीन मार्ग आहेत. तांबड्या पेशीला एकच, आणि त्या मार्गाची पहिली पायरी म्हणजे हे एन्झाइम. ते कमी असलं तरी एरवी काही बिघडत नाही. माणूस खातो-पितो, नांगर धरतो, होडी वल्हवतो, म्हातारा होतो. पण प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं की पेशीवरचा ताण एकदम वाढतो, एनएडीपीएच पुरत नाही, आणि पेशी भराभर फुटतात.

हे कोडं सुटलं १९५६ साली, अमेरिकेत. अल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालवले होते. काही कैद्यांचं रक्त प्रायमाक्विननं फुटायचं, बहुतेकांचं नाही. ज्यांचं फुटायचं त्यांत कृष्णवर्णीय जास्त, म्हणून सुरुवातीच्या लिखाणात हा प्रकार वंशाच्या खाती मांडला गेला. मग त्यांना पेशीतल्या एन्झाइमचा उणेपणा सापडला. हा इतिहास मी वाचला तेव्हा तो मला माझ्याच बाजूचा पुरावा वाटला. कैद्यांवर प्रयोग, वर कातडीच्या रंगाचे तक्ते: बघा, म्हटलं, ह्या विद्येचा जन्मच असा आहे.

आपल्याकडचे तक्ते तर आणखी बोचले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत बक्षी आणि संघवी ह्यांच्या गटानं पारशी समाजात ही कमतरता ठळकपणे आढळते असं दाखवलं. पुढे देशभर पाहण्या झाल्या, सगळ्या जात, जमात, भाषा ह्यांच्या रकान्यांत. परळच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतल्या दीपिका मोहंती, मलय मुखर्जी आणि रोशन कोलाह ह्यांनी २००४ साली त्या सगळ्यांचा आढावा घेतला: वेगवेगळ्या समाजगटांत प्रमाण शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत. एका प्रशिक्षणात असाच एक तक्ता पडद्यावर आला. समोर बसलेले आम्ही सगळे कोणत्या ना कोणत्या रकान्यातले. आपापला रकाना शोधणाऱ्या नजरा मला दिसत होत्या, माझीही त्यांत होती. चहाच्या वेळी एक जण मिश्किलपणे म्हणाला, “म्हणजे अमक्या वाडीत गोळी जपून द्यायची तर!” मला जे भय होतं ते नेमकं हेच. उद्या एखादा आरोग्यसेवक आडनाव ऐकून गोळी हातात ठेवेल, किंवा ठेवणारच नाही.

हे भय खोटं नव्हतं, ते अजूनही मला आहे. बदललं ते दुसरंच.

चिरेखाणीवरचा एक मजूर आठवतो. आमच्याकडे जांभा दगडाच्या खाणी म्हणजे पावसाळ्यात पाण्यानं भरलेले चौकोनी खड्डे, आणि त्यांच्या काठावर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी घाटावरची, कर्नाटकातली माणसं. ह्या मजुराला पीव्ही निघाला होता. गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत तो स्वतःच वाटेत गाठून म्हणाला, “भाऊ, लघवी आगळासारखी होते.” कोकमाचं आगळ तो इथंच प्यायला शिकला असावा. गोळ्या बंद करून त्याला तालुक्याला पाठवलं, तिथं सलाइन लागलं, तो बरा होऊन परत आला. एन्झाइमची तपासणी कुणी केली नाही. आमच्या रजिस्टरमध्ये ‘उपचार अपूर्ण’ अशी नोंद झाली; कारणाला रकाना नव्हता. पण लक्षात राहिलं ते वेगळंच. त्याच खोलीत राहणारे, त्याच तांड्यावरचे, त्याच आडनावाचे बाकीचे गडी पूर्ण चौदा दिवस तीच गोळी घेऊन ठणठणीत होते. कोणता तक्ता हे आधी सांगू शकला असता? तेव्हा हा प्रश्न मला सुचला, पण मी त्याचा उपयोग माझ्या जुन्या मताच्या बाजूनं केला: बघा, तक्ता कुचकामी. तक्ता कुचकामी असेल तर मग माणूसच तपासावा लागेल, हे पुढचं पाऊल मी टाकलं नाही. तशी गरजही वाटली नाही, कारण तोवर हा दुसऱ्याच्या घरचा मामला होता.

मग भाचीचं बाळंतपण आलं. पहिली खेप, म्हणून माहेरी. माझी धाकटी बहीण पावसच्या बाजूला असते. ऐन श्रावण. कोकणातल्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, आणि वाळले तरी बुरशी धरतात, म्हणून घराघरातल्या ट्रंकांत डांबरगोळ्या टाकलेल्या असतात. बहिणीनं हौसेनं आईच्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. कुंची, झबली, गोधडी सगळं त्याच ट्रंकेत. बाळ घरी आल्यावर ते बाहेर निघालं, आणि खोलीभर तो वास पसरला. आम्हाला तो वास स्वच्छतेचा वाटतो. बाळाला रोज नारळाच्या तेलानं चोळायचं, शेकायचं, आणि त्याच दुपट्यात गुंडाळायचं.

डांबरगोळीत नॅफ्थलीन असतं. श्वासावाटे आणि कातडीवाटे ते अंगात जातं, आणि अंगाला तेल असेल तर आणखी जातं. शरीरात त्याची जी रूपं होतात ती तांबड्या पेशीवर प्रायमाक्विनसारखाच ताण आणतात. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९६३ मध्येच अशा तान्ह्या बाळांच्या नोंदी छापल्या होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या आठवड्यात एवढंच दिसलं, की बाळाचा पिवळेपणा ओसरायचा तो छातीवरून पोटावर, पोटावरून पायांवर उतरत चाललाय आणि बाळ दूध ओढत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, कोवळ्या उन्हात धरा. श्रावणात कसलं कोवळं ऊन! गाडी केली आणि रत्नागिरीला आणलं. बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. बिलिरुबिन असं वाढत राहिलं तर ते मेंदूत शिरतं, आणि मग झालेलं नुकसान भरून येत नाही. प्रसंगी सगळं रक्त बदलावं लागतं. आमच्यावर ती पाळी आली नाही. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो दुपट्याला नाक लावून: “डांबरगोळ्या वापरता का?”

तपासणीत जी६पीडी कमी निघालं. आणि रुग्णालयाच्या पायऱ्यांवरच दोन्ही घरांत ते सुरू झालं, जे सुरू होणारच होतं. विहीणबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असलं काही नाही. माझे मेहुणे म्हणाले, आमच्याही सात पिढ्यांत ऐकलेलं नाही. दोघेही घराण्याबद्दल, म्हणजे बापाच्या बापाबद्दल बोलत होते.

डॉक्टरबाईंनी कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं. ह्या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाशी असतं. मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून, बापाकडून वाय. तेव्हा बाळाच्या बापाचं घराणं ह्यातून पूर्ण मोकळं. भाचीकडूनच आलं. भाचीला कुठून? तिच्या धाकट्या भावाची तपासणी केली, त्याचंही कमी निघालं. धडधाकट पोरगा, क्रिकेट खेळणारा, कधी काही झालेलं नाही. त्याचा एक्स आईकडचा, म्हणजे माझ्या बहिणीचा. मेहुणे सुटले. बहिणीला एक एक्स आमच्या आईचा, एक आमच्या वडिलांचा. मी स्वतः तपासून घेतलं. माझं नेहमीसारखं आहे. त्यावरून वडील सुटतात असं नाही, आणि आईही सुटत नाही: तिचे दोन एक्स, मला चांगला आला असेल, बहिणीला दुसरा. दोघंही आता हयात नाहीत. वडिलांना कधी असा त्रास झाल्याचं आठवत नाही, पण त्यांनी प्रायमाक्विन घेतलीच नसेल तर होणार कसा?

मग मी आमच्या भावकीतल्या एका हौशी काकांनी छापलेली वंशावळ काढून बसलो. मूळ पुरुषापासून आजवरच्या शाखा, प्रत्येक नावाला बाण. त्या पुस्तकात हे जनुक शोधायचं म्हटलं तर सापडणं शक्यच नाही. बाप मुलाला आडनाव देतो, घर देतो, कुलदैवताचा मान देतो, गावच्या पालखीतला हक्क देतो. हा एक्स मात्र देऊच शकत नाही. वडिलांकडून आलं म्हणावं तर वडिलांना ते त्यांच्या आईकडून आलेलं, आणि ती दुसऱ्या गावची, दुसऱ्या आडनावाची. आईकडून म्हणावं तर तीही बाहेरून आलेली. कोणत्याही वाटेनं मागं गेलो तरी पहिल्या नाहीतर दुसऱ्या पायरीवर आमचं आडनाव सुटतं आणि कुणीतरी लग्न होऊन आलेली बाई लागते. वंशावळीत तिच्या नावापुढे माहेर नाही. आणि जे नाव आहे तेही लग्नात बदललेलं. मुलींच्या शाखा तर ‘कन्या’ एवढ्यावर संपतात. जनुक पुढे गेलं ते त्या संपलेल्या शाखांतूनच.

माझं मत फिरलं ते इथं. मी इतकी वर्षं ह्या चाचणीला कुळाची चौकशी समजत होतो. पण कुळ, आडनाव, वाडी ज्या वाटेनं चालतात नेमकी तीच वाट ह्या जनुकाला बंद आहे. आडनाव विचारून ते कळत नाही, आणि रक्ताचा थेंब घेतला तर आडनाव विचारावंच लागत नाही. मला भीती होती ती तक्त्याची, आणि चाचणीच तक्त्याला निकामी करते. चाचणी नसली तरच आरोग्यसेवक अंदाज बांधणार, आणि अंदाज बांधायला त्याच्यापाशी आडनावाशिवाय असतं काय?

आणखी एक हकिकत ह्याच बाजूची आहे. १९८४ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी एका कोळी कुटुंबात ह्या एन्झाइमचा नवा प्रकार नोंदवला आणि त्याला नाव दिलं ‘जी६पीडी कल्याण’. केरळमध्ये सापडलेला ‘जी६पीडी केरळ’ त्याआधीपासून नोंदीत होता. प्रयोगशाळेत दोघांचे गुणधर्म थोडे निराळे दिसले होते, म्हणून दोन नावं. १९९२ मध्ये जनुकच वाचलं तेव्हा कळलं, की दोन्हींत अगदी एकच बदल आहे: प्रथिनाच्या साखळीत ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. आता त्याला केरळ-कल्याण म्हणतात. भारतात सापडणाऱ्या मुख्य तीन प्रकारांतला तो एक; बाकीचे दोन म्हणजे मेडिटरेनियन, आणि आदिवासी समाजांत जास्त आढळणारा ओरिसा. कल्याणची खाडी आणि केरळचा किनारा ह्यांच्यात गलबतं किती शतकं ये-जा करत होती ते आम्हा दर्यावरच्या लोकांना कुणी सांगायला नको. ठिकाण बघून दिलेली दोन नावं एका अक्षराच्या बदलावर येऊन मिळाली, हे वाचताना मला जरा मजाच वाटली.

बायकांच्या बाबतीत तर प्रकरण आणखी गमतीचं आहे. प्रत्येक बाईकडे दोन एक्स, पण दर पेशीत त्यातला एकच चालू राहतो, दुसरा झोपतो. कोणता झोपायचा हे गर्भात अगदी लवकर, पेशीपेशीला स्वतंत्रपणे ठरतं. मेरी लायन ह्या ब्रिटिश बाईंनी हे १९६१ मध्ये मांडलं. म्हणजे माझ्या बहिणीच्या अंगात दोन तऱ्हेच्या तांबड्या पेशी फिरतायत, काही पुऱ्या एन्झाइमच्या, काही अपुऱ्या. प्रमाण निम्मं-निम्मं असेल असंही नाही. ‘आहे की नाही’ असं विचारणाऱ्या साध्या चाचणीत अशा बायका बहुधा ‘ठीक’ म्हणून सुटतात आणि गोळी घेतल्यावर मग रक्त फुटतं. म्हणून एन्झाइम किती आहे ते आकड्यात सांगणारी चाचणी हवी. बोटाच्या थेंबावर चालणारी तशी छोटी यंत्रं आता निघालीयत. जनुक वाचायची गरजच नाही. एन्झाइम मोजलं की भागतं.

हे मोजमाप आता टाळता येणार नाही, ह्याला आणखी एक कारण आहे. टॅफेनोक्विन नावाच्या औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चौदा दिवसांचं काम एका मात्रेत. आमच्यासारख्यांना हे स्वप्नच, कारण चौदा दिवस रोज गोळी घेणारा रुग्ण मी फार थोडा पाहिला; ताप उतरला की माणूस आंब्याच्या बागेत नाहीतर बोटीवर. पण प्रायमाक्विन त्रास झाला तर थांबवता येते. टॅफेनोक्विन एकदा गिळली की आठवडे अंगात राहते, परत काढता येत नाही. त्यामुळे एन्झाइम निदान ७० टक्के असल्याची खात्री करूनच ती द्यायची असते. आणि ज्यांचं कमी निघेल ते उपचाराला मुकतील, असंही नाही: जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांच्यासाठी प्रायमाक्विनचा आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचा क्रम सुचवलाय. वेगळ्या माणसाला वेगळा क्रम, हे मला पूर्वी विषमता वाटलं असतं. गर्भार बाईला गोळी न देताना मात्र ते कधी खटकलं नव्हतं.

जुना एक सहकारी भेटला की टोचतो, मग आपण इतकी वर्षं दिलेल्या गोळ्यांचं काय? त्याला मी सांगतो, की बाऊ करू नकोस. ज्यांच्यात कमतरता आहे त्यांच्यातही तीव्रता कमी-जास्त असते, पाच दिवसांच्या क्रमात मात्राही थोडी होती, आणि थांबवायची सूचना आपण देत होतो. माणसं पटापटा मेली असं काही घडलेलं नाही, आणि व्हायवॅक्सचा ताप पुन्हा पुन्हा येणं हेही साधं दुखणं नव्हे. पण साधन नव्हतं तेव्हाचं शहाणपण साधन आल्यावर चालवायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

सगळं मान्य केलंय असंही नाही. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची लांबलचक जनुकीय यादी काढून द्यायच्या जाहिराती येतात, त्यांच्यापासून मी दूर आहे. ज्या गोष्टीवर काही करता येत नाही ती आईबापांच्या डोक्यावर कशाला? जी६पीडीवर करता येतं, म्हणून ते हवं. चाचणीच्या फॉर्मवर जातीचा रकाना असेल तर तो मी आजही भरू देणार नाही. आणि चाचणी केव्हा करायची ह्याचंही भान हवं: रक्त नुकतंच फुटलेलं असताना जुन्या पेशी गेलेल्या असतात, नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, म्हणून आकडा फसवा चांगला येतो. आमच्या बाळाचं पहिल्याच वेळी कमी निघालं, तरी डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांनी पुन्हा करायला लावलं.

घरी आम्हाला टाळायच्या गोष्टींची एक छापील यादी मिळाली. डॅप्सोन, काही सल्फा औषधं, नॅफ्थलीन, तान्ह्या बाळाला मेंदी, ‘फावा बीन’. ह्या शेवटच्यावरून बहिणीनं घरातले कडवे वालच देऊन टाकले. डाळिंबीची उसळ बंद, बिरडं बंद, पावटे बंद. कोकणातल्या घरात हे म्हणजे जवळजवळ उपासच. मी चौकशी केली. फावा म्हणजे बाकला, भूमध्य समुद्राकडचं पीक. त्यातलं व्हायसिन रक्त फोडतं. आपला वाल निराळ्या जातीचा, त्यात ते नसतं. वाल परत आले. डांबरगोळ्या मात्र बहिणीनं स्वतः वाडीभर फिरून लोकांच्या ट्रंकांतून काढायला लावल्या, आणि त्यांच्या जागी कडुनिंबाचा पाला, वेखंड ठेवायला सांगितलं. आरोग्य खात्यातला मी होतो, प्रचार तिनं केला.

आता भाच्याचं लग्न ठरतंय. सांगायचं की नाही ह्यावर घरात दोन तट पडले. मी म्हटलं, मी सांगतो, माझ्यावर सोडा. मुलीचे वडील एस.टी.तून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांना कागदावर तसंच काढून दाखवलं, डॉक्टरबाईंनी दाखवलं होतं तसं: ह्याला मुलगे झाले तर त्यांना ह्याच्याकडून हे मिळणार नाही, कारण मुलाला बापाचा एक्स जातच नाही, मुली झाल्या तर प्रत्येकीकडे जाईल, आणि तिच्या मुलांपैकी कुणाकुणाला पुढे. त्यांनी कागद दोनदा उलटसुलट केला आणि विचारलं, म्हणजे मलेरियाची एक गोळी, डांबरगोळी, आणखी चार औषधं, ह्यापलीकडे काय? म्हटलं, ह्यापलीकडे काही नाही, फक्त डॉक्टर बदलला की आधी हे सांगायचं, आणि मुलगी झाली तर तिच्या बाळंतपणात नक्की. ते म्हणाले, एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, पाकिटात राहील. मी लिहून दिलं. नाव, जन्मतारीख, रक्तगट, ‘जी६पीडी कमी’, आणि खाली टाळायच्या औषधांची नावं.

आडनाव लिहायचं राहिलंय म्हणून भाच्यानं ते कार्ड परत आणलं. मी म्हटलं, राहू दे तसंच. तर तो म्हणाला, “मामा, हॉस्पिटलात आडनावाशिवाय केसपेपर निघत नाही.” हेही खरंच होतं, म्हणून लिहिलं.